दान केलेला कचरा

गेल्या गुरुवारी ऑफिसमध्ये एक मेल आला. आमच्या सीएसआर टीममधल्या एका मुलीचा. थोडक्यात मजकूर असा : चाळीस डेस्कटॉप काढून टाकायचेत, विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, तर तुझ्या नंदुरबारकडच्या शाळांना पाठवू या का? मागच्या वेळी किती मस्त झालं होतं! पुढे एक स्मायली.

मागची वेळ म्हणजे २०२२. ती आयडिया माझीच होती. त्यामुळे आज ज्याच्यावर चिडून लिहायला बसलोय, त्यात पहिला नंबर माझाच लागतो हे आधीच सांगून टाकतो.

तर झालं असं होतं. माझे मामा धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुख्याध्यापक आहेत. मी शहाद्याचा. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे जिल्हा आणि मी साधारण एकाच वयाचे. पुण्यात कोणी 'गाव कुठलं' विचारलं की नंदुरबार सांगायचं आणि मग 'म्हणजे जळगावच्या पुढे का?' ऐकायचं, याची सवय झालीय. नोकरी लागून दोन वर्षं झालेली, गावासाठी काहीतरी करायची खुमखुमी होती, आणि कंपनी जुने डेस्कटॉप बदलत होती. मी हात वर केला. वीस मशीन्स, दहा यूपीएस, पुण्याहून टेम्पो, बॅनर, नारळ, मुलींचं स्वागतगीत. मी मध्ये उभा, गळ्यात हार. फोटो लिंक्डइनवर गेला. लाइक्सचा आकडा सांगत नाही, लाज वाटते आता.

मग २०२५ ची दिवाळी. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि पुढच्याच आठवड्यात मी घरी होतो. शाळेला सुट्टी. मामांना म्हटलं, "चला, आपली लॅब बघून येऊ." मामा म्हणाले, "बघण्यासारखं काही नाही रे तिथं." मला वाटलं विनय असेल.

वर्गाच्या कोपऱ्यात तीन मशीन्स होती, चालू. बाकीची सतरा मागच्या खोलीत. तांदळाची पोती, फुटलेले बाक, जुन्या गाद्या आणि त्यांच्या पलीकडे छतापर्यंत रचलेले काळे डबे. वरच्या डब्यावर आमच्या कंपनीचं स्टिकर अजून चकचकीत होतं.

"ही कधी बंद पडली?" मी विचारलं.

"बंद पडायला आधी चालू तर व्हायला पाहिजेत ना," मामा म्हणाले.

वीसच्या वीस मशीन्स हार्डडिस्कशिवाय आली होती! डेटा सिक्युरिटीच्या पॉलिसीप्रमाणे डिस्क काढून घ्यायच्या, नष्ट करायच्या आणि उरलेला सांगाडा दान करायचा. आणि हे मला माहीत नव्हतं. मी, कॉम्प्युटर इंजिनिअर, हार घालून फोटोत उभा, आणि मला माहीत नव्हतं की मी वीस रिकामे डबे वाटतोय. शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढून सहा डिस्क विकत आणल्या. सहा मशीन्स सुरू झाली. चौदा कधी एक दिवससुद्धा चालली नाहीत. मामांनी मला कळवलं नाही, कारण भाच्याने एवढ्या हौसेने आणलेलं, त्याला कसं सांगायचं.

दोन दिवस स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. चाललेल्या सहापैकी तीन मशीन्स बंद होती. पहिल्याचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळे सुरू करताना ते तारीख-वेळ विसरायचं आणि 'एफ-वन दाबा' असा इंग्रजी मेसेज दाखवून थांबायचं. शिक्षकांनी बिघडलं म्हणून झाकून ठेवलं. तीस-चाळीस रुपयांचा सेल. दुसऱ्याच्या रॅमवर गंज धरलेला. रॅम काढली, पाचवीतल्या एका पोराच्या दप्तरातून खोडरबर मागवला, पट्टी घासली, परत बसवली. चालू! (हार्डवेअरवाल्यांना हा उपाय माहीत आहे. बाकीच्यांनी हसू नका, खरंच चालतं.) तिसऱ्याचा पॉवर सप्लाय व्होल्टेजच्या चढउतारात जळालेला. मागच्या खोलीतल्या चौदा डब्यांत चौदा पॉवर सप्लाय पडून होते. एक काढून लावला.

सहाच्या सहा चालू. एकूण खर्च एक सेल आणि थोडं खोडरबर.

आता माझा मुद्दा. ई-कचऱ्यावर बोलताना आपण सगळे एकच पाढा म्हणतो : रिड्यूस, रीयूज, रिसायकल. यातल्या 'रीयूज'च्या नावाखाली आपण शहरातला कचरा चारशेच्या वर किलोमीटर लांब नेऊन ठेवतो, वर पुण्य घेतो, आणि तो तिथून परत आणायची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. माझं म्हणणं साधं आहे. जो पाठवतो, त्याने ते मशीन तिथे चालतं ठेवायचं, आणि चालेनासं झालं की परत न्यायचं. जमत नसेल तर पाठवू नये.

गैरसमज नको. मी पुनर्वापराच्या विरोधात अजिबात नाही. उलट रिसायकलिंगपेक्षा पुनर्वापर कितीतरी चांगला. कॉम्प्युटरच्या पूर्ण आयुष्यात होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. खाणकाम, चिप बनवणं, वाहतूक, सगळं तुम्ही पहिल्यांदा बटण दाबायच्या आधी. म्हणून चालतं मशीन तोडून त्यातलं तांबं काढणं म्हणजे उभं घर पाडून विटा विकणं. पण पुनर्वापर म्हणायला 'वापर' तर व्हायला पाहिजे ना? तांदळाच्या पोत्यामागे पडून राहणं हा वापर नाही, नुसतं गोडाऊन आहे.

आणि कायद्याचं काय? तिथे तर गंमतच आहे. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्यानुसार वर्षात कधीही हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था ही 'बल्क कन्झ्युमर'. आपल्या बहुतेकांच्या कंपन्या त्यात येतात. त्यांनी आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा. चांगलं आहे. पण ई-कचरा कशाला म्हणायचं? जे टाकून दिलं त्याला. मग तेच मशीन 'टाकून' न देता 'दान' दिलं तर? कागदावर तो कचराच उरत नाही. आणि ज्या शाळेकडे गेलं तिच्याकडे वीस मशीन्स, हजार नाहीत, म्हणजे ती बल्क कन्झ्युमर नाही. आमच्या कंपनीच्या दारातून निघताना त्या मशीनच्या मागे एक कायदा होता, धडगावच्या घाटात तो गळून पडला.

शाळेच्या बाजूने बघा. मी मामांना म्हटलं, "मग ही चौदा काढून का नाही टाकली?" मामांनी मला एक जाडजूड वही दाखवली. जडवस्तू संग्रह नोंदवही. तुमच्या-माझ्या भाषेत डेडस्टॉक रजिस्टर. (नावातच डेड आहे, काय बोलणार.)

"दान आलं ना, इथं चढवावं लागतं. चढवलं की जबाबदार मी. उद्या तपासणीला साहेब आले आणि म्हणाले वीस दाखवा, तर वीस दाखवता आले पाहिजेत. चालतात का, हे कोणी विचारत नाही."

यादीतून वस्तू कमी करायची तर निर्लेखन करावं लागतं. प्रस्ताव, समिती, मंजुरी. एका मुख्याध्यापकाने मुलांच्या जेवणाकडे बघायचं, गळक्या छताकडे बघायचं, की आमच्या रिकाम्या डब्यांचा प्रस्ताव घेऊन फिरायचं? म्हणून डबे तिथेच राहतात. पावसाळ्यामागून पावसाळे.

यात एकटे आम्ही दानशूर नाही, सरकारसुद्धा आहे. केंद्राच्या आयसीटी ॲट स्कूल योजनेत, २०१० च्या सुधारणेनंतर, कंत्राटदाराने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची, असा 'बूट' नावाचा प्रकार होता. पाच वर्षांनी कॉम्प्युटरची काय अवस्था असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपण तर तेव्हा नवीन लॅपटॉप मागतो. म्हणजे मशीन थकलं, देखभाल करणारा गेला, आणि मग ते शाळेच्या मालकीचं झालं.

माझ्या जिल्ह्यात प्रत्येक डिजिटल गोष्ट येते तेव्हा तिची तारीख सगळ्यांना माहीत असते. २९ सप्टेंबर २०१०. शहादा तालुक्यातलं टेंभली गाव. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातली पहिली आधार कार्डं इथे वाटली गेली. मी सातवीत होतो, शहाद्यात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. २०१८ मध्ये नंदुरबारचं नाव देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं, राज्यातल्या चारांपैकी एक. सातपुड्यातल्या पाड्यांवर सौरदिवे आले, त्यांच्याबरोबर बॅटऱ्या आल्या. सगळं येतं. समारंभाने येतं. बंद पडलेला इन्व्हर्टर, मेलेला मॉनिटर, फुटलेलं सौर पॅनल कुठल्या तारखेला, कोणाच्या हस्ते परत गेलं, असा एक तरी फोटो तुम्ही पाहिलाय का? मी नाही. (सौर पॅनलसुद्धा २०२२ च्या नियमांपासून ई-कचऱ्यात धरलं जातं, माहितीसाठी सांगतो.)

मग ते जातं कुठे? शहाद्यात प्रकाशा रस्त्यावर एक भंगारवाला आहे. दिवाळीतच त्याच्याकडे जाऊन बसलो. माणूस मोकळा. कॉम्प्युटर आला की तो काय करतो हे त्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं. पत्र्याचा डबा लोखंडात. हीटसिंक ॲल्युमिनियममध्ये. वायरी तांब्यात. हिरवा बोर्ड वेगळा, त्याला भाव जास्त.

"बोर्ड कुठे जातो?"

"सुरतचा व्यापारी येतो ना भो, तो नेतो."

"आणि तिथून पुढे?"

"पुढचं आपल्याला काय ठाऊक?"

आणि वायरीचं प्लॅस्टिक? त्याने मान वळवून मागच्या बाजूला दाखवलं. काळी जमीन. वायरी जाळायच्या, तांबं उचलायचं. जळालेल्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषं निघतात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. बोर्डांचं पुढे काय होऊ शकतं हे आपण वाचलेलं असतं. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद. ॲसिडच्या टबात बोर्ड बुडवून सोनं-तांबं काढणारे उघडे हात. आमचे डबे त्याच वाटेने जातील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जाणार नाहीत असं म्हणायला माझ्याकडे काय आधार आहे? एक बॅनर?

त्या भंगारवाल्याला व्हिलन करणं सोपं आहे, आणि पुण्यात बसून आपण तेच करतो. 'अनऑर्गनाइज्ड सेक्टर' म्हणून नाक मुरडतो. अरे, अख्ख्या साखळीत तोच एक माणूस आहे जो स्वतःहून माल उचलायला येतो आणि वर पैसे देतो! त्याला कोणी हातमोजे दिले नाहीत, नोंदणी दिली नाही, वायर सोलायचं साधं यंत्र दिलं नाही. त्याला दोष देण्याआधी त्याच्या जागी दुसरं कोण उभं आहे ते सांगा.

'अहो, पण कंपन्यांवर रिसायकलिंगची टार्गेट्स आहेत ना?' आहेत की. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, २०२५-२६ पासून दोन वर्षं ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. उत्पादकाने स्वतः गोळा करायची गरज नाही, नोंदणीकृत रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घ्यायचं. आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. पुण्याच्या आयटी पार्कातला एक किलो आणि धडगावचा एक किलो, सर्टिफिकेटवर दोन्ही सारखेच. मग घाट चढून धडगावचा किलो आणायला कोण वेडा जाईल? आकडा पुरा होतो, आमची खोली भरलेलीच राहते. आणि त्या किलोची किंमत तरी काय? २०२४ मध्ये सरकारने रिसायकलरला किलोमागे किमान २२ रुपये मिळालेच पाहिजेत असं ठरवलं (स्मार्टफोनसाठी ३४), तर मोठमोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. बावीस रुपये. नवं मॉडेल विकताना जाहिरातीत हिरवी पानं दाखवणाऱ्यांना किलोमागे बावीस रुपये जड झाले.

जगाचं चित्र यापेक्षा फार वेगळं नाही म्हणा. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेला 'कुठेतरी' आहे. त्या 'कुठेतरी'तली एक खोली मी बघून आलोय.

आता तुमचा आक्षेप. मला माहीत आहे तो, कारण माझ्या टीममधल्या प्रत्येकाने जेवताना हाच काढला. 'काहीच नसण्यापेक्षा बरं ना? सहा तर चालली!'

हो, सहा चालली. मुलं त्यावर शिकली, याचा मला आनंद आहे. पण ती सहा आमच्यामुळे चालली नाहीत, शिक्षकांच्या वर्गणीमुळे चालली. आणि 'काहीच नसण्यापेक्षा बरं' हे वाक्य आपण कोणासाठी वापरतो ते बघा. स्वतःच्या मुलाच्या शाळेत हार्डडिस्क नसलेला कॉम्प्युटर आला तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागेल. डोंगरातल्या पोराला मात्र काहीच नसण्यापेक्षा बरं. त्या दिवशीच्या टेम्पोच्या भाड्यात, बॅनरमध्ये आणि आमच्या हॉटेलच्या बिलात किती हार्डडिस्क आल्या असत्या याचा हिशेब मी परवा केला. आकडा सांगत नाही. पण सहापेक्षा जास्त.

दुसरा आक्षेप, 'डेटाची रिस्क कशी घेणार?' हा जरा माझ्या धंद्यातला, म्हणून यावर गप्प बसवत नाही. एकदा पूर्ण ओव्हरराइट केलेल्या हार्डडिस्कवरून डेटा परत मिळवणं व्यवहारात अशक्य आहे. रात्री सॉफ्टवेअर लावून घरी जा, सकाळी डिस्क कोरी. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डिस्क फोडण्यात सुरक्षितता कमी आणि कोणालातरी कमी काम करायचंय हे जास्त आहे.

तिसरा, 'परत कसं आणणार? परवडत नाही.' मग इन्व्हर्टरची बॅटरी कशी परत येते? अगदी लांबच्या पाड्यावरूनसुद्धा जुनी शिशाची बॅटरी दुकानात येते, कारण ती दिली की नवीवर पैसे कमी होतात. २००१ च्या बॅटरी नियमांपासून जुनी बॅटरी गोळा करणं विक्रेत्यावर बंधनकारक केलं गेलं. पुढे त्या शिशाचं काय होतं हा वेगळा भांडणाचा विषय आहे, पण वस्तू परत तर येते. परत येण्याला किंमत असली की वाट सापडते. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत डिपॉझिट घेऊन ते परत देण्याची सोय होती, पण करायची की नाही ते उत्पादकाच्या मर्जीवर. मर्जी कोणाची झाली असेल ते तुम्हीच ओळखा.

तर मी त्या मेलला काय उत्तर दिलं? 'नको' असं लिहून डिलीट केलं, दोनदा. मग हे पाठवलं :

चाळीस नको, दहा द्या. डिस्क पुसून आत ठेवा. रॅम दुप्पट करा, बाकीच्या तीस मशीन्समधून निघेल. त्यांवर लिनक्स टाकून, मराठी कीबोर्ड लावून मी स्वतः देतो, विंडोज ११ ची गरजच नाही. दानपत्रावर लिहून द्या की तीन वर्षांनी, किंवा बंद पडल्यावर, कंपनी स्वखर्चाने मशीन परत नेईल आणि नोंदणीकृत रिसायकलरला देऊन त्याची पावती शाळेला देईल, म्हणजे मामांच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाला एक कागद तरी जोडता येईल. धडगावात मोबाइल रिपेअर करणारी पोरं आहेत, त्यांच्यातल्या एकाला तीन वर्षांचं दुरुस्तीचं काम द्या, पगारी, उपकार म्हणून नाही. आणि त्याआधी २०२२ चे चौदा डबे परत आणा. जो टेम्पो दहा घेऊन जाईल, तोच येताना रिकामा कशाला यायचा? उरलेली तीस पुण्यातच नोंदणीकृत रिफर्बिशरला द्या. त्याचा फोटो चांगला येत नाही, मान्य आहे.

तुमच्याही ऑफिसात या वर्षी असा मेल येईल. विंडोज १० मुळे मशीन्सचे ढीग निघणार आहेत, आणि प्रत्येक टीममध्ये माझ्यासारखा एक गाववाला असतोच. हात वर करायला हरकत नाही. फक्त आधी एक डबा उघडून आत बघा. आणि तिथल्या मुख्याध्यापकाला फोन करून विचारा की मागच्या वेळचे कुठे आहेत.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते ऐकून घेतात, मग सावकाश बोलतात.

"दहाचं बघू नंतर. आधी ते चौदा ने बाबा. खोलीत पोरींच्या गाद्या ठेवायच्यात."

सीएसआरकडून अजून उत्तर नाही. आलं की इथेच कळवतो.